तीन किलो चारशेच्या आत

७ जून, शनिवार

नवं काम हातात आलं की मी नवी वही काढतो. कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून आणलेली ही वही पातळ आहे, कारण हे काम पाच महिन्यांत संपणार याची मला खात्री आहे.

काम असं. आमची कावासाकीतली कंपनी कार्बन फायबरचे कृत्रिम पाय बनवते. सतरा माणसं, त्यात मी एकटा पुण्याचा. आज होसोदा-सान नावाच्या बाई भेटायला आल्या. हादानोला त्यांचं बंदुकांचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. त्यांचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, इमामुरा-सान, वय चौऱ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त. चाळीस वर्षं तान्झावाच्या डोंगरात हरणांची शिकार करतात आणि क्लबच्या नेमबाजीच्या स्पर्धेतही उतरतात, दोन्हीकडे एकच रायफल. दुर्बिणीसकट ती चार किलो चारशे ग्रॅम भरते आणि चढावर आता त्यांना झेपत नाही. इथे दुसऱ्याला उचलायला देण्याची सोय नाही. बंदूक ज्याच्या परवान्यावर असेल त्यानेच ती हातात धरायची, असा कायदा आहे. डबा, पाणी, दोर कोणीही घेईल, बंदूक मात्र ज्याची त्याने.

मुलगी योकोहामात असते. तिचं म्हणणं, बाबा, आता पुरे. शेवटी बापलेकीत ठरलं ते असं: ३ नोव्हेंबरच्या क्लबच्या स्पर्धेत दोनशेपैकी एकशे ऐंशी गुण, आणि १५ नोव्हेंबरला, शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, स्वतःची बंदूक पाठीवर घेऊन डोंगराच्या धारेपर्यंत चढाई. दोन्ही जमलं तर डिसेंबरात परवान्याचं नूतनीकरण, नाहीतर रायफल कायमची जमा.

नळी आणि यंत्रणा तीच राहणार. फक्त लाकडी दस्ता काढून कार्बनचा बसवायचा. लाकडाचा एक किलो सहाशे आहे. मी कागदावर आकडे मांडले आणि म्हणालो, पाचशे ऐंशीत देतो. म्हणजे पूर्ण रायफल तीन किलो चारशेच्या आत. होसोदा-सान म्हणाल्या, ‘हो का?’ इथे अशा ‘हो का’चा अर्थ विश्वास बसला नाही असा असतो. बसेल.

८ जून, रविवार

बायकोला, कश्मिराला, सांगितलं. ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, चुका काढायचा पगार घेते आणि घरी ते काम फुकट करते.

“बंदूक? देव, तू आपला पाय बनव ना.”

“बंदूक नाही गं, नुसता दस्ता. पोकळ नळकांडं समज.”

“आणि तुझा चेहरा असा का फुललाय मग?”

चेहरा फुलणारच. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात मी दहा मीटर एअर रायफल खेळायचो. क्लबची रायफल कुणा धिप्पाड माणसाच्या मापाची होती. मी तेव्हा काडी होतो, गाल आत गेलेले. दस्त्यावर गाल टेकावा म्हणून रुमालाची चौघडी करून चिकटपट्टीने बांधायचो. सरांकडे तक्रार केली की म्हणायचे, कुरकुर करू नकोस, सवय होते. राज्याचा संघ एका गुणाने हुकला. त्यानंतर मी बंदुकीला हात लावलेला नाही. हे सगळं कश्मिराला माहीत आहे, पण रुमालाचं बहुतेक मी तिला कधी सांगितलं नसेल. ते काय सांगायचं!

५ जुलै, शनिवार

हादानोला गेलो. इमामुरा-सान म्हणजे वाळवलेल्या आल्यासारखा माणूस, पण पाठ ताठ. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून जेवण कमी झालं, असं होसोदा-सान म्हणाल्या. गालांत खळगे आहेत. हसतात तेव्हा फक्त डोळे हसतात.

रायफल दाखवली. मी दोन मीटरवर हात मागे बांधून उभा राहिलो, संग्रहालयात उभं राहावं तसा. इतकी सुंदर वस्तू आणि बोट लावायची सोय नाही. होसोदा-सानांकडे दुकानाचा परवाना आहे म्हणून त्या हाताळू शकतात. त्या उलटीसुलटी करून दाखवत होत्या आणि मी वहीत मापं लिहीत होतो.

एक गोष्ट त्यांनी तीनदा बजावली. परवान्याच्या वहीत रायफलची लांबी १०६२ मिलिमीटर अशी नोंदलेली आहे. ती बदलली की पोलिसांकडे जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते, आणि त्यात स्पर्धेची तारीख निघून जाईल. तेव्हा लांबी जुन्या दस्त्याइतकीच ठेवायची. मूठही जुन्यासारखीच. वेगळी फक्त एकच गोष्ट, गाल टेकतो तिथली उंची. नव्या दुर्बिणीचं भिंग मोठं आहे, ती वर बसते, म्हणून गालही वर यायला हवा. किती वर, ते मी ठरवायचं.

इमामुरा-सानांचा हात, खांदा, पंजा सगळं मोजलं. “अजून काही?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “झालं. माझा या गोष्टीत अनुभव आहे.”

९ ऑगस्ट, शनिवार

दस्त्याचं पहिलं कवच साच्यातून काढलं आणि मुठीपाशी रेझिनमध्ये हवेचा फुगा. रद्द. वाईट वाटलं नाही, पहिला डोसा तव्याला चिकटतोच. रद्द कवच वाया घालवलं नाही. त्याच्यावर दुर्बिणीच्या उंचीवर प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा बसवला आणि घरी आणलं. आता रायफल हातात न घेता उंची ठरवता येईल. खांद्याला लावायचं, गाल टेकवायचा, डोळा पाइपच्या मधोमध येतो का बघायचं, नाही आला की घासायचं किंवा पुट्टी लावायची.

नानबू लाइनच्या लोकलने ते घरी आणायचं म्हणजे प्रश्न होता. अबोलीच्या कीबोर्डच्या बॅगेत घातलं. अबोली आमची मुलगी, तेरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते, आणि बॅग परत मिळणार का एवढंच विचारते.

१७ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी पंधरा मिनिटं आरशासमोर. आज जमलं. डोळे मिटून खांद्याला लावलं, गाल टेकवला, डोळे उघडले, आणि डोळा पाइपच्या बरोबर मधोमध. दहादा केलं, दहाही वेळा मधोमध. वीस वर्षांत असा आनंद झाला नव्हता. आता याच उंचीचा पक्का दस्ता बनवणार.

कश्मिरा दारात उभी राहून बघत होती. “छान दिसतोयस,” म्हणाली. चुका काढणाऱ्या बाईकडून हे ऐकायला मिळालं!

१४ सप्टेंबर, रविवार

५७८ ग्रॅम. पुन्हा लिहितो, ५७८.

होसोदा-सानांनी नळी बसवून काट्यावर ठेवली, तीन किलो तीनशे ब्याऐंशी. लांबी मोजली, १०६२. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा काट्याकडे बघितलं. इमामुरा-सानांनी रायफल दोन्ही हातांवर पेलली आणि म्हणाले, “हलकी आहे.” मग मला कमरेतून वाकून नमस्कार केला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने असं वाकावं, मला संकोच वाटला. पण खोटं कशाला लिहू, आवडलंही.

५ ऑक्टोबर, रविवार

रेंजवर पहिला दिवस. मी प्रेक्षकांच्या रेघेमागे, कानाला संरक्षक लावून.

टेबलावर टेकवून पाच गोळ्या शंभर मीटरवर, पाचही बाटलीच्या झाकणात मावतील इतक्या जवळ. रायफल चोख आहे, यात वाद नाही. मग स्पर्धेप्रमाणे झोपून आणि उभं राहून वीस गोळ्या. १७३.

१८० हवेत. हरकत नाही, पहिलाच दिवस. हलक्या बंदुकीचा धक्का जास्त बसतो, ते त्यांना नवीन आहे.

एक गंमत. उभ्याने मारण्याआधी इमामुरा-सानांनी खिशातून निळा-पांढरा तेनुगुई काढला, आपल्या पंच्यासारखं सुती फडकं असतं ते. त्याची चौघडी करून दस्त्यावर ठेवली आणि दोऱ्याने बांधली. मी विचारलं तर म्हणाले, “घाम येतो.” हवा चांगली गार होती. मला वाटतं, ही इथली पद्धत असावी. हे लोक वस्तूलाही प्रेमाने वस्त्र घालतात. घरी येऊन कश्मिराला कौतुकाने सांगितलं.

“घाम?” ती म्हणाली. “त्या माणसाला?”

१९ ऑक्टोबर, रविवार

१६९.

दारूगोळ्याचा बॅच बदलून पाहिला. दस्ता आणि नळीच्या मधली बैठक तपासायला लावली, ठीक आहे. दुर्बिणीचे स्क्रू ठीक आहेत. टेकवून मारली की अजूनही झाकणात मावतात. म्हणजे रायफलमध्ये दोष नाही, दस्त्यात तर नाहीच.

मग उरतो तो माणूस. इमामुरा-सानांच्या मानेवर दुखण्याच्या औषधाची पट्टी चिकटवलेली होती, कॉलरच्या बाहेर डोकावत होती. उजव्या गालाच्या हाडावर काळानिळा डाग. तेनुगुई आता जाड बांधतात. मी विचारलं, “मान दुखते का?” तर म्हणाले, “वय. सवय होईल.”

स्पष्ट लिहितो, ही वही कोणी वाचणार नाही. मला त्यांची मुलगी बरोबर वाटायला लागली आहे. दस्ता उत्तम आहे आणि माणूस थकला आहे. हे त्यांना सांगायचं कोणी? मी सांगावं असं वाटतं, आणि सांगू नये असंही. १५ दिवस उरलेत.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहितो, कारण मला स्वतःचा राग आला आहे.

दिवाळीचा फराळ शिल्लक होता म्हणून इमामुरा-सान आणि होसोदा-सानांना जेवायला बोलावलं होतं. मनात होतं, जेवण झाल्यावर हळूच विषय काढावा. म्हणावं, चाळीस वर्षं झाली, सन्मानाने थांबण्यातही शोभा आहे. वाक्य जपानीत पाठ करून ठेवलं होतं.

इमामुरा-सान हळूहळू चकली चावत होते. कश्मिराने वाढताना पाहिलं, ते तिच्याकडे बघायला मान वळवत नव्हते, अख्खे खांदेच वळवत होते. ती मला मराठीत म्हणाली, “यांची मान उजवीकडे का वळत नाही? बंदूक धरून असं होतं?”

“वय आहे गं.”

“जुलैमध्ये वळत होती का?”

मला आठवेना. म्हणजे आठवत होतं. वळत होती.

इतक्यात अबोलीने कपाटातून कीबोर्डची बॅग ओढली, तिला हवी होती. आतून रद्द कवच निघालं, पाइपसकट. इमामुरा-सानांचे डोळे हसले. अबोली त्यांना जपानीत म्हणाली, “हे बाबा रोज सकाळी आरशात लावून बघायचे.” ते म्हणाले, “मला पण दाखव.” नुसतं कार्बनचं कवच, त्याला परवाना लागत नाही. त्यांनी खांद्याला लावलं. अबोलीने फोनवर बाजूने फोटो काढला. मग मला म्हणाली, “आता बाबा.” मीही लावलं. तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

माझ्या फोटोत डोळा पाइपच्या मधोमध. इमामुरा-सानांच्या फोटोत गाल दस्त्याला टेकलेला आणि डोळा पाइपच्या कितीतरी खाली, भुवई पाइपच्या तळाला. म्हणजे खरी रायफल हातात असताना दुर्बिणीतून बघायला त्यांना डोकं हवेत उचलून धरावं लागत होतं. गालाला आधार नाही, मानेवर सगळा भार, आणि गोळी सुटली की दस्ता मागे येऊन गालाच्या हाडावर आदळणार.

अबोली म्हणाली, “कोरे, पापा नो जान.” म्हणजे, हा तर बाबांचाच आहे.

माझ्या डोळ्यासमोर निळं-पांढरं फडकं आलं. चौघडी, दोरा. मग माझा रुमाल आणि चिकटपट्टी. मी स्वतः ते दोन वर्षं बांधलं होतं आणि समोरच्याने बांधलं तेव्हा मी त्याला पद्धत म्हटलं.

कश्मिरा हळू आवाजात म्हणाली, “देव, एखाद्याचा पाय बनवताना तुम्ही आधी काय करता?”

प्लॅस्टरमध्ये त्या माणसाच्या पायाचा ठसा घेतो. ठशाशिवाय एक पाय बनवलेला नाही मी अकरा वर्षांत.

मी इमामुरा-सानांना विचारलं, “तुम्ही सांगितलं का नाही?”

त्यांनी कवच काळजीपूर्वक खाली ठेवलं. म्हणाले, “बायकोने एकदा स्वेटर विणला होता, गळ्याला आवळ. अकरा हिवाळे घातला. तिला विणताना इतका आनंद झाला होता. तुम्हालाही झाला होता. मला वाटलं, सवय होईल.”

मी पाठ केलेलं वाक्य बोललो नाही. उभा राहिलो आणि वाकलो, त्यांच्यापेक्षा खाली. माझं चुकलं, मी माझ्या गालाने मोजलं, असं सांगितलं. त्यावर होसोदा-सान म्हणाल्या, “हो का?” या वेळच्या ‘हो का’त विश्वास होता.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

इमामुरा-सान कंपनीत आले. रोज जिथे पायाचे ठसे घेतो त्याच खुर्चीत बसवलं. त्यांनी तेनुगुई आणला होता, रेंजवर बांधतात तसाच घडी केलेला. मी तो आधी कॅलिपरने मोजला, दाबून अकरा मिलिमीटर. मग गालावर ओल्या प्लॅस्टरची पट्टी, जबडा सैल, दोन मिनिटं. ठसा साडेअकरा म्हणाला. त्यांना उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने. मी विचारलं नाही एवढंच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गालपट्टी तयार. आत कॉर्क, वर कार्बनचा पातळ थर आणि कातडं. वजन ८९ ग्रॅम. म्हणजे रायफल आता तीन किलो चारशे एकाहत्तर. माझा चारशेच्या आतला आकडा गेला. कॉर्क कोरून पोकळ केला तर वीसेक ग्रॅम वाचतील, तेवढ्याने आकडा काही परत येत नाही, आणि गालाखाली पोकळ आवाज होईल. कोरला नाही. होसोदा-सानांनी लांबी पुन्हा मोजली, १०६२. त्यांनी स्वतः स्क्रू आवळले, मी दोन मीटरवर उभा.

३ नोव्हेंबर, सोमवार, सुट्टी

स्पर्धा. मी रेघेमागे. इमामुरा-सानांनी खिशात हात घातला, तेनुगुई काढला, कपाळ पुसलं आणि परत ठेवून दिला.

झोपून ९४. उभ्याने ९०.

१८४.

त्यांची मुलगी आली होती, वाऱ्यात केस हाताने धरून मागे उभी. गुण लागले तेव्हा तिने माझ्याकडे रागाने बघितलं आणि मग रडायला लागली. ती वडिलांना हरवायला आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तिला फक्त ते डोंगरात एकटे पडायला नको होते. मी म्हटलं, पंधरा तारखेला मी बरोबर जातो. कश्मिराने फोनवर एवढंच विचारलं, “तुझ्या गुडघ्यांना विचारलंस का?”

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सूर्य उगवला तेव्हा पायथ्याशी होतो. माझ्या अंगात भगवं जाकीट, पाठीवर दोघांचं पाणी, डबे, दोर, औषधं, त्यांचा जाड कोट, एकूण अकरा किलो. त्यांच्या पाठीवर फक्त रायफल. पहिल्या तासात मी दोनदा थांबलो, ते एकदाही नाही. तिसऱ्या चढावर त्यांचे पाय कापायला लागले. हात पुढे करावा असं वाटलं आणि हात मागे बांधून घेतले. ती बंदूक मला धरता येत नाही. ते एका देवदाराला टेकून उभे राहिले, शंभर श्वास मोजले असतील, आणि निघाले.

दहा वाजून वीस मिनिटांनी धारेवर.

खालच्या बांबूतून एक हरीण वर आलं आणि थेट धारेवर उभं राहिलं. त्यांनी खांद्याला रायफल लावली, गाल टेकला, एका दमात, कसलीही शोधाशोध न करता. मग हळूच खाली घेतली. हरणामागे नुसतं आकाश होतं, गोळी हुकली तर कुठे जाईल सांगता येत नाही. हरीण निघून गेलं. मला चुटपुट लागली, त्यांना नाही. “दिसलं, नेमात होतं, बस,” म्हणाले. मुलीला फोन लावला आणि एकच वाक्य बोलले, “पोचलो.”

दशमी खाताना म्हणाले, “ते पहिलं कवच टाकू नका. ते तुमचं आहे. मी इतके दिवस तुमच्याच दस्त्यावर गाल ठेवत होतो. तुम्हीही परवाना काढा.”

मी हसण्यावारी नेलं. उतरताना मात्र तेच डोक्यात होतं. आयुष्यात एकदाही मला माझ्या मापाची बंदूक कोणी दिली नव्हती. मी ती स्वतःच बनवली, दुसऱ्याच्या नावावर, आणि माझं मलाच कळलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

इमामुरा-सानांचा परवाना नवा झाला. तीन वर्षं.

शेवटी मीही परवान्यासाठी अर्ज केलाय. त्याची चौकशी करायला हवालदार घरी येऊन गेले. त्यांनी कश्मिराला एकटीला विचारलं, नवरा रागीट आहे का, दारू पितो का, भांडतो का. ती म्हणाली, “रागीट नाही. स्वतःवर फार विश्वास आहे, तेवढा एकच दोष.” त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

होसोदा-सानांनी नियम सांगितला. शिकारीसाठी रायफल हवी असेल तर आधी दहा वर्षं शॉटगन बाळगायची. दहा वर्षांनी मी एक्कावन्न. कवच कपाटात ठेवलंय, फुगा भरून दुरुस्त करता येईल. आज पुन्हा खांद्याला लावून पाहिलं, डोळा अजून मधोमध येतो.

कश्मिरा म्हणाली, “दहा वर्षांत तुझे गाल असेच राहणार आहेत का?”

नाही राहणार. इमामुरा-सानांनी आज त्यांचा तेनुगुई धुऊन, इस्त्री करून पोस्टाने पाठवलाय. तो कवचाबरोबर बॅगेत ठेवला. अबोलीला नवी बॅग घेऊन द्यायची आहे.